हिवाळ्यातली ईद

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःहून सांगत नाही, आमचे केंद्रप्रमुख सांगतात. त्यांच्या तोंडून कुणाबद्दल दुसरं काही चांगलं सहसा निघत नाही, म्हणून मी ते जपून ठेवलंय. पंचवीसेक वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर जळगावला, मेहरूणमध्ये. शाळा एरंडोलकडच्या एका खेड्यात. रोज स्कूटीवर जाते, तोंडाला स्कार्फ बांधून. गावातल्या निम्म्या लोकांनी माझा चेहरा नीट पाहिलेला नाही, पण फळ्यावरचं अक्षर सगळे ओळखतात.

त्या अक्षरानेच घोटाळा केला.

उद्या वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी वहीत मुद्देसूद लिहून काढायचं, त्याला आम्ही टाचण म्हणतो. आदल्या दिवशी, असं नियमात आहे. प्रत्यक्षात जून महिन्यात मागच्या वर्षीची वही डावीकडे ठेवायची, कोरी वही उजवीकडे ठेवायची, आणि समोर टीव्हीवर मालिका लावायची. मालिकेत सुनेचा छळ संपेपर्यंत पहिलं सत्र उतरवून होतं. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेतल्या जुन्या गुरुजींनी त्यांच्या टाचणाच्या वह्या मला देऊन टाकल्या होत्या. ते मूळचे धुळ्याचे, मीही माहेरची धुळ्याची, तेवढ्या ओळखीवर मला हा ठेवा मिळाला. तेव्हापासून दर जूनला मी तो उतरवत आले. कुणी तपासायला आलं की त्याने वही उघडायची, अक्षर बघायचं, 'वा' म्हणायचं आणि सही करायची. आतलं कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मीही वाचत नव्हतेच, लिहीत होते.

आता इस्लामबद्दल काय शिकवायचं हे आम्ही मास्तर लोक कुठे शिकलो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायला लाज वाटते. डी.एड.ला आम्ही फळा कसा पुसायचा हे शिकलो, वरून खाली, आडवा नाही. धर्मांबद्दल काही शिकल्याचं आठवत नाही. पुढे एकदा तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात 'विविध धर्मांची ओळख' असा विषय होता खरा. पण तो दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ठेवला होता, आणि तज्ज्ञ यायचे होते ते आलेच नाहीत. मग संयोजकांनी आम्हाला एक तक्ता लिहून घ्यायला सांगितला. धर्म, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. गुरुजींच्या टाचणात असाच तक्ता होता, फक्त त्यात एक रकाना जास्त होता, सण कोणत्या ऋतूत येतो त्याचा. मी तो जास्तीचा रकाना ठेवला. रकाना जास्त असला की अभ्यास जास्त दिसतो.

त्या रकान्यात रमजान ईदसमोर लिहिलं होतं, हिवाळा.

पाचवीच्या घटक चाचणीत मी तोच प्रश्न घातला. पेपर तपासायला बसले आणि पहिल्या रांगेतल्या मुलीच्या उत्तरापाशी लाल पेन थांबला. तिने लिहिलं होतं, 'सगळ्या ऋतूंत येते. माझ्या आबांनी सगळ्यांत केली आहे.' ही मुलगी गावातल्या पिंजाऱ्यांच्या घरातली. गाद्या-उशा भरून देणारं घर, आणि तिच्या आजोबांना सगळा गाव आबा म्हणतो. वर्गात तिची जीभ घडीभर स्वस्थ नसे. 'मॅडम, तसं नही ना' हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकायचे. केळीला बी असतं की नाही यावरून तिने मला एकदा अख्खा तास उभं केलं होतं. त्यामुळे तिचं उत्तर वाचून मला राग आला नाही, पण हसू आलं, की हिला वाद घालणं इथेही सोडवत नाही. मी छानशी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'प्रश्न नीट वाचणे.'

पेपर वाटले. तिने फुली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घालून दप्तरात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिचा हात वर येणं बंद झालं.

पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तास वेळेवर संपायला लागले. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावरच्या नकाशात तापीच्या वरचा सातपुडा मुद्दाम तिच्या खाली काढला. चोपडा गावही मग नदीच्या खाली आलं. ती बघत होती, तिला कळलंही होतं, ओठ हलले होते. पण तिने तो सातपुडा जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. त्या दिवशी घरी येताना स्कूटीवर मला पहिल्यांदा कसंतरी झालं. का झालं ते कळलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ईद नव्हतीच. मला वाटलं तिच्या घरी काही बिनसलं असेल.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. दहा-बारा शाळांच्या शिक्षकांची दर महिन्याला एक बैठक होते, तिला शिक्षण परिषद म्हणतात. त्यात कुणीतरी एकाने सगळ्यांसमोर पाठ घेऊन दाखवायचा असतो. या वेळची परिषद आमच्या शाळेत होती आणि पाठ मी घ्यायचा होता. विषय होता 'आपले सण'.

"मॅडम, तुमचं टाचण बघितलेलं आहे मी," केंद्रप्रमुख म्हणाले. "तसंच्या तसं घ्या. सर्वधर्मसमभाव आला पाहिजे, आणि शैक्षणिक साहित्य मोठं पाहिजे. मागच्यांनाही दिसलं पाहिजे."

साहित्य मोठं पाहिजे म्हटल्यावर मी कामाला लागले. गादीच्या दुकानातून पुठ्ठा आणला, पंखा बसेल एवढं गोल ऋतुचक्र कापलं, त्याचे तीन भाग रंगवले, आणि सणांची चित्रं कापून मुलांना चिकटवायला बसवलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका उन्हाळ्यात गेला, पोळ्याचा बैल पावसाळ्यात गेला. चंद्रकोर मी मुद्दाम तिच्या हातात दिली. म्हटलं, आपल्या सणाचं चित्र हातात आलं की खुलेल.

तिने चंद्रकोरीच्या चौकोनी चित्राला मागून डिंक लावला, चारी कोपऱ्यांना नीट, आणि विचारलं, "हिवाळामा ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

तिने ती हिवाळ्यात चिकटवली आणि तळहाताने दाबून धरली. शेजारी बसलेल्या पोराला मात्र राहवलं नाही. तो म्हणाला, "पन मॅडम, ईदना दिन ते लाईट गयेल व्हती. आम्ही यासना घर शिरखुर्मा खाई राहिंतूत, घामना धारा लागेल व्हत्यात." बाकीची पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, तुम्ही बी व्हत्यात ना मॅडम, तुम्ही वहीघाई वारा घाली राहिंत्यात.

मी होते. आबांच्या ओसरीवर बसून दोन वाट्या शिरखुर्मा खाल्ला होता मी, आणि 'काय बाई हे ऊन' असं चारदा म्हटलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही गेले होते, तेव्हाही घामच पुसत होते. ईदची सुट्टी मला दरवर्षी बरोबर कळायची, कॅलेंडरवर मी तिच्याभोवती गोल करायचे. ती कुठल्या महिन्यात येते आहे हे पंचवीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ज्या पोरीने पाहिलं होतं तिच्या उत्तरावर मी फुली मारली होती. मी मुलीकडे बघितलं. ती डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत होती, खूप वेळ लावत होती.

त्या संध्याकाळी मी धुळ्याला गुरुजींना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून प्रार्थनेला उभं करणारा आहे. मी जरा तक्रारीच्या सुरातच सुरुवात केली, की गुरुजी, तुमच्या टाचणात ईद हिवाळ्यात दाखवलीये.

"होतीच हिवाळ्यात," ते म्हणाले. "मी लिहिलं त्या वर्षी पोरं स्वेटर घालून ईदी मागायला आली होती. मी खिडकीतून बघून लिहिलं. खाली काय लिहिलंय ते वाच."

वही समोरच होती. तक्त्याखाली, चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरात एक ओळ होती. 'ईदचा ऋतू बदलत जातो, दरवर्षी तपासून घ्यावा.' हस्ताक्षर माझं होतं. सुबक, एकाही खाडाखोडीविना. मागची वही काढली, तिच्यातही होती. त्याच्या मागचीतही होती. पंचवीस वेळा मी स्वतःच्या हाताने स्वतःला 'तपासून घ्यावा' असं लिहून दिलं होतं आणि पुढच्या घटकाकडे गेले होते.

"वाचलं का?" गुरुजींनी विचारलं.

"हो, गुरुजी."

"अक्षर बाकी छान आहे तुझं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वही-पेन घेऊन आबांकडे गेले. या वेळी शिरखुर्मा नव्हता. आबा ओसरीवर एका गादीला टाके घालत बसले होते, मिशांवर कापसाचे तंतू. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "या मॅडम, बठा. पोरगी म्हने, शाळामा ईद हिवाळामा येस. माले वाटनं, सरकारनी ठराई दिधं व्हई."

चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही त्यांच्या. टोमणा होता की खरंच तसं वाटलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सरकारचा अनुभव बघता दोन्ही शक्य आहे. मी म्हटलं, "आबा, चूक माझी आहे. मला नीट समजावून सांगा, मी लिहून घेते."

मग पंचवीस वर्षं शिकवलेला घटक मी पहिल्यांदा शिकले. आबांचं शिकवणं साधं होतं. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, आपल्यासारखेच. बारा महिने मिळून वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं पडतं, तेही आपल्यासारखंच. फरक पुढे आहे.

"तुमनामा अधिक महिना येस," ते दात लावून दोरा तोडत म्हणाले. "तो बठ्ठा सणस्ले जागावर आनी बठाडस. आमनामा तो नही. म्हनीसन आमनी ईद दरसाल दहा-अकरा दिन पहिले येस. तेहतीस वरीसमा फेरा पुरा व्हस."

मी लिहिता लिहिता थांबले. अधिक महिना माझ्या चांगला ओळखीचा. धोंड्याचा महिना आला की आई माझ्या नवऱ्याला तेहतीस अनारसे वाणात द्यायची, बत्तीस झाले तर रात्री पुन्हा कढई चढवायची. तो महिना सणांना जागेवर आणून बसवायला येतो, हे मला पिंजाऱ्याच्या ओसरीवर कळलं. मी समजत होते तो जावयांना बसवून खाऊ घालायला येतो.

आबांनी पहिला रोजा धरला तो थंडीत. दिवस लहान होता, सोपा गेला. मग रमजान सरकत सरकत पावसाळ्यात आला, पुढे मे महिन्यात आला. तेव्हा पत्र्याखाली कापूस पिंजायचा आणि पाणी प्यायचं नाही. ते त्यांनी एवढ्या साधेपणाने सांगितलं की माझा हात आपसूक पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीवरून मागे आला. मग पुन्हा थंडी आली, पुन्हा पाऊस, पुन्हा मे. "मना दुसरा फेरा आते पुरा व्हई राहिना," ते म्हणाले. म्हणजे पोरीने लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं. माझ्या आबांनी सगळ्यांत केली आहे.

मला एक प्रश्न कधीचा विचारायचा होता, तो विचारून घेतला. "आबा, पिंजताना कापूस तोंडात गेला तर रोजा मोडतो का?"

आबा इतके हसले की सुई खाली ठेवावी लागली. "चुकीसन गया ते माफ शे, मॅडम. भूक लागनी म्हनीसन खादा ते नही." हे मी टाचणात लिहिलं नाही, पण वर्गात सांगितलं.

पोरगी आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिला हाक मारली तर "जी मॅडम" म्हणाली आणि आत गेली. घरात एवढी शहाणी वागणारी मुलगी मला आवडली नाही.

परिषदेच्या दिवशी मी चंद्रकोर ऋतुचक्रावरून सोडवली. पोरीने चारी कोपरे इतके पक्के चिकटवले होते की हिवाळ्याचा थोडा रंगही सोबत निघाला. मग ती एका लांब पट्टीवर लावून मधोमध खिळा ठोकला, म्हणजे ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरेल. चाळीसेक शिक्षक मागे बसले होते, पुढे माझी पाचवी. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मी इतकी वर्षं ईद हिवाळ्यात शिकवली, या वर्षी परीक्षेत बरोबर उत्तरावर फुली मारली, आणि ही वही बघा. केंद्रप्रमुख खुर्चीत चुळबुळले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, एवढं सांगायची गरज नव्हती. अक्षर दाखवायचं होतं."

आधी हशा झाला. मग हळूहळू मागच्या रांगांतून पिशव्या उघडल्याचे आवाज यायला लागले. लोक आपापली टाचणं काढून बघत होते. ऋतूचा रकाना बऱ्याच जणांकडे होता, निम्म्यांकडे हिवाळा निघाला. एका तरुण सरांकडे चक्क पावसाळा होता. ते टाचण त्यांच्या वडिलांचं होतं, तेही मास्तरच. चहाच्या वेळेपर्यंत टाचणातला ऋतू बघून ते कधीचं आहे ते सांगता यायला लागलं होतं. मला त्या दिवशी सगळ्यांबद्दल फार माया वाटली. आम्ही वाईट लोक नाही हो, फक्त उतरवून घेणारे लोक आहोत.

मुलीला मी पट्टी फिरवायला बोलावलं. तिने फिरवली, थोडी मागे, आणखी थोडी मागे. मी विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे?" तिने पट्टी धरून माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवल्यावरच ती आणखी मागे सरकवली. टाळ्या झाल्या. उत्तर तिला माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं, तरी तिने माझ्या मानेची वाट पाहिली होती.

पाहुणे शिक्षक गेल्यावर मी तिचा पेपर मागितला. फुली खोडली, शेजारी लिहिलं, 'उत्तर बरोबर. चूक माझी,' आणि खाली सही केली. तिने ते दोनदा वाचलं.

"आता हात वर करशील ना?" मी विचारलं.

"हो मॅडम." मग पेपरची घडी घालता घालता ती थांबली. "मॅडम, तिसरीमा बी सांगशात का?"

"का गं?"

"मनी धाकली बहीण शे तठे. तिले मी शिकाडी ठेवेल शे, पेपरमा हिवाळाच लिखजो. मॅडमले हिवाळाच लागस."

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. बहिणीचं नुकसान होऊ नये म्हणून केलेली सोय सांगत होती. मी तिचा हात धरला आणि तशीच तिसरीच्या वर्गात गेले.

वर्ग सुटायच्या बेतात होता, दप्तरं पाठीवर चढली होती. मी धाकटीला उभं केलं आणि विचारलं, ईद कोणत्या ऋतूत येते. तिने हात पाठीमागे बांधले, मान ताठ केली आणि पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली, "हिवाळा!"

मोठी दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "नही वं. आते खरं सांगं तरी चालस."

धाकटीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, खरंच चालतं का म्हणून.